पंपाची बॅटरी उतरली तिथपर्यंत

चिकोडी तालुक्यातल्या एका गावात सध्या माझं नाव फुकटचं मोठं झालंय. तिथली माणसं निपाणीपर्यंत येतात, माझ्या शेती-औषधांच्या दुकानात गल्ल्यापाशी उभी राहतात आणि म्हणतात, "तात्यांस्नी दिलीसा ती बाटली द्या."

ती बाटली म्हणजे होमोब्रासिनोलाइड, 0.04 टक्के. झाडात वाढीसाठी असतात त्याच घराण्यातलं स्टेरॉईड, कारखान्यात केलेलं. दुकानात टॉनिकांचा अख्खा कप्पा आहे आणि त्यातल्या निम्म्या बाटल्यांत काय भरलंय ते भरणाऱ्यालाही माहीत नसावं. ही मात्र 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेली, बॅच नंबर घालून बिल फाडायची वस्तू. शंभर मिलीत खरं द्रव्य साधारण 40 मिलिग्रॅम, बाकी ते विरघळवणारं. "एवढंसंच?" असं गिऱ्हाईक म्हणतं. झाडातही ते एवढंसंच असतं. 1979 मध्ये अमेरिकेत याच घराण्यातलं ब्रासिनोलाइड पहिल्यांदा वेगळं काढलं तेव्हा मधमाश्यांनी गोळा केलेले, मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचे सव्वादोनशे किलो परागकण लागले आणि हाती आले काही मिलिग्रॅम.

तात्यांचं सोयाबीन माळाला. ऐन फुलोऱ्यात पावसानं दडी मारली. दुपारी पानं उलटायची आणि सगळं रान पांढुरकं दिसायचं. तात्यांनी बाटली नेली, भाड्याचा पंप घेतला आणि अर्धं रान होतंय तोवर बॅटरी उतरली. गावात लाईट नव्हती. उरलेलं तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर रोजगार होता म्हणून राहिलं ते राहिलंच.

पाऊस उशिरा आला. तोवर फवारलेल्या बाजूला शेंगा धरलेल्या आणि न फवारलेल्या बाजूची फुलं गळून गेलेली. तात्यांनी गावाला बोलावून दाखवलं. कंपनीच्या प्रतिनिधीला सुगावा लागला तसा त्याचा मला फोन: शेतकऱ्याचा व्हिडिओ करू, तुमच्या दुकानाची पाटीही त्यात घेऊ. हा पोरगा एरवी उधारीची वसुली सोडून कशालाच फोन करत नाही.

मी म्हटलं, आधी मला बघू दे.

बाजार बंद असतो त्या दिवशी खुरपं घेऊन गेलो. दुकानदारांसाठीचा वर्षभराचा 'देशी' पदविका वर्ग मी केलाय. त्यातलं बाकी किती डोक्यात राहिलं देव जाणे, पण खोडावर बोलण्याआधी मुळं बघायची ही सवय लागली. फवारलेल्या बाजूचं रोप उपटलं. गाठी भरपूर, एक नखानं फोडली तर आत गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू. दुसऱ्या बाजूच्या गाठी बारक्या, आतून मातकट. मग तिथंच खणलं. फवारलेल्या बाजूला दीड वीत खाली गेलो तरी काळी माती, हाताला गार लागणारी. न फवारलेल्या बाजूला अर्ध्या वितीवर खुरपं खण्णकन मुरमाला लागलं.

तात्यांनी फवारणी सखल बाजूनं, म्हणजे खोल मातीच्या बाजूनं सुरू केली होती. पाणी भरायची टाकी तिकडं, म्हणून.

"मातीनं राखलंय तात्या, बाटलीनं नव्हे," मी म्हणालो.

"माती काय औंदा आली व्हय?" तात्या म्हणाले. "गेल्या साली बी हीच माती हुती."

गेल्या साली पावसानं अशी ओढ दिली नव्हती, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

एवढ्यावर मी गाडीला किक मारून आलो असतो. पण बॅटरी उतरली त्या रेषेपाशी मुरमाची एक जीभ फवारलेल्या बाजूत शिरलीय. चार-पाच ओळींचा तुकडा, खाली मुरूम, वर फवारा. तिथली झाडं ठेंगणीच, पण शेजारच्या न फवारलेल्या ओळींपेक्षा शेंगा नक्की जास्त. हा तुकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण वाचून माहीत आहे ते दोन्हीकडं ओढतं. या स्टेरॉईडला पेशीत शिरावं लागत नाही, पेशीच्या पडद्यावरचा ग्राही, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, त्याला बाहेरच धरतो आणि आत वाढीचा निरोप जातो. झाडाच्या अंगात ते लांबचा प्रवासही करत नाही. पानावर पडलेलं मुळापर्यंत जाऊन मुरमातलं पाणी कसं शोधणार? उलट 2018 मध्ये बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात, पाणी वाहणाऱ्या नळ्यांजवळचा असाच एक ग्राही वाढवला, तर रोप वाढ न खुंटता दुष्काळाला टिकलं. पण ते जनुकाचं काम, पाठीवरच्या पंपाचं नव्हे.

हे गल्ल्यावर कोण ऐकतं? परवा एकानं तीच बाटली आणि तांबेरा या बुरशीच्या रोगासाठी प्रोपिकोनॅझोल मागितलं, दोन्ही एकाच पंपात घालायला. 2012 च्या एका संशोधनात प्रोपिकोनॅझोलनं अरॅबिडॉप्सिस आणि मक्यात झाडाचं स्वतःचं, याच घराण्यातलं स्टेरॉईड तयार होणं रोखलेलं दिसलं. सोयाबीनमध्ये शेतावर किती रोखतं ते वेगळं, पण एका हातानं नळ बंद करायचा आणि दुसऱ्या हातानं तांब्यानं पाणी घालायचं, असला हा कारभार. त्याला म्हटलं, निदान आठ दिवसांचं अंतर ठेव. तो समोरच्या दुकानात गेला. तिथं दोन्ही मिळाली, वर एक टॉनिक फुकट.

व्हिडिओला मी नाही म्हणालो. प्रतिनिधीनं तो थेट तात्यांकडं जाऊन केला.

तात्यांना मात्र एक विचारून ठेवलंय. पुढच्या खरिपात उताराच्या दिशेनं, वरपासून खालपर्यंत उभे पट्टे पाडू, एक फवारायचा, एक सोडायचा, म्हणजे माती दोन्हीकडं सारखी येईल. बियाणं धारवाडच्या विद्यापीठाचं डीएसबी 21 घेऊ, तांबेऱ्याला दाद देत नाही, म्हणजे ते दुसरं औषध मध्ये येणार नाही. तात्यांनी तंबाखू मळता मळता सगळं ऐकून घेतलं.

"आणि सोडलेल्या पट्ट्यांचं नुकसान कोण, तू देणार?"

देईन म्हणालो. तात्या म्हणाले, बिलाच्या मागं लिहून दे.