वारा पिणारा माणूस

(शेवट सांगितलाय. पाहिला नसेल तर आधी पाहा.)

'ट्वेल्व्ह मंकीज' हा सिनेमा काल रात्री पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना पाहिला तेव्हा वही घेऊन बसले होते. भविष्यातून पाठवलेला कोल १९९६ ऐवजी चुकून १९९०मध्ये पोचतो ते कसं, पहिल्या महायुद्धातल्या खंदकात पायात घुसलेली गोळी पुढे पुरावा कशी ठरते, सगळे बाण काढून जुळवलं होतं. काल वहीची आठवणही झाली नाही.

काल मी अडकले ती गाडीतल्या प्रसंगापाशी. कोलने मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर रेलीला पळवून आणलंय, ती घाबरलेली आहे. रेडिओवर फ्लोरिडाची जाहिरात लागते, तर त्याला वाटतं, हा आपल्यासाठीच आलेला निरोप आहे. मग फॅट्स डॉमिनोचं 'ब्लूबेरी हिल' सुरू होतं. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा अक्षरशः पितो. डोळे भरून येतात. तो आलाय तिथे विषाणूने ५०० कोटी माणसं गेलीत, उरलेले जमिनीखाली राहतात आणि वर यायचं तर अंगभर आवरण घालून. ब्रॅड पिटला याच सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन होतं, तो आहेच भन्नाट. पण कोल झालेल्या ब्रूस विलिसचा हा चेहरा मी विसरणार नाही.

कारण तो चेहरा मी घरी पाहिलाय. कोविडमध्ये आई पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमधून परतली, तेव्हा दाराबाहेरच थांबली. मास्क हनुवटीखाली ओढला, डोळे मिटले आणि सावकाश दोन-तीन श्वास घेतले. आम्ही "आत ये गं" म्हणत होतो. ती हलेना.

कोलला कोणालाही वाचवायला पाठवलेलंच नाही, हे कॉलेजात पाहिलं तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं, पण टोचलं नव्हतं. त्याने फक्त मूळ विषाणूचा माग काढायचा, म्हणजे भविष्यातले लोक औषध शोधतील. झालं ते झालंच. आणि त्याला मात्र इथेच राहायचंय, दातांवरून आपला माग काढतील म्हणून तो स्वतःची दाढ उपटतो!

ज्यावरून हा सिनेमा सुचला, तो क्रिस मार्करचा १९६२चा २८ मिनिटांचा लघुपट जवळपास सगळा स्थिर छायाचित्रांचा आहे. त्यात हलतं दृश्य एकच, झोपेतून डोळे उघडणारी बाई. इथेही शेवटी डोळेच आहेत, विमानतळावर स्वतःचाच मृत्यू नकळत पाहणाऱ्या लहानग्या कोलचे. विषाणूची कुपी तर तपासणीच्या वेळीच उघडली गेलीय. आणि तो पोरगा तिथेच उभा राहून श्वास घेतोय.