दाराआडची पिशवी

आमच्या दाराआड एक कापडी पिशवी आहे. तिच्यात आईची चार पितळी पातेली आहेत आणि ती कल्हईला जायची आहेत. कधीपासून? 2015च्या सिंहस्थापासून. "गर्दी ओसरली की तांबट आळीत जाऊन येतो," असं मी तेव्हा म्हणालो होतो. गर्दी ओसरली, साधू गेले, आता 2027च्या सिंहस्थाची तयारी चाललीय. पिशवी तिथंच. एका कुंभातलं काम दुसऱ्या कुंभावर नेणारा गोदाकाठी मी एकटाच नसेन, अशी माझी समजूत आहे. बायकोला ती मान्य नाही.

याला आळस म्हणावं, तर एवढ्या वर्षांत मी माळा तीनदा आवरला, जुनी वीजबिलं तारखेवार लावली, शेजाऱ्यांचा नळसुद्धा दुरुस्त करून दिला. चालढकल करणारा रिकामा बसत नाही हो! तो दुसरंच काहीतरी फार मन लावून करत असतो.

शिवाय पुढे ढकललेलं प्रत्येक काम म्हणजे चालढकल नव्हे. निफाडकडचा माझा मेहुणा पावसाचा रंग बघून द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लांबवतो. तो बाग वाचवायला थांबतो. थांबल्याने आपलंच नुकसान आहे हे पक्कं ठाऊक असून मी थांबतो. फरक एवढाच.

टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, हा घड्याळाचा प्रश्नच नाही, मनाचा आहे. कामाला एखादी नकोशी भावना चिकटलेली असते. काम बाजूला सारलं की तीही घटकाभर सरते, बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच चटक लागते. हे वाचलं आणि मी पिशवीकडे बघितलं. आई 2014 साली गेली. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, म्हणून शेवटी शेवटी ती रोज पातेलं उजेडाला धरून आत निरखायची. "एवढं नेऊन आण रे," म्हणायची. मी "हो" म्हणायचो.

तर मी कल्हई टाळत नव्हतो.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांचा, 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टंगळमंगळ केली. आपल्याकडे उलटं, आधी स्वतःला यथेच्छ शिव्या द्यायच्या. त्याने पिशवी आणखी जड होते, हा माझा अनुभव.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची युक्ती सोपी आहे: 'कधीतरी' म्हणायचं नाही, अमुक झालं की तमुक, असं बांधून टाकायचं. मी ठरवलं, शनिवारी भाजीला निघालो की पातेलं स्कूटरच्या हुकला. आणि एकच पातेलं. काम लहान केलं की मन बिचकत नाही म्हणतात.

गेलो. कल्हईवाल्याने पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कथील फिरवलं. आतून चांदीसारखं लख्ख. पाच-दहा मिनिटांचं काम! मी उजेडाला धरून आत बघितलं.

"घरी आणखी आहेत का?" त्याने विचारलं.

"तीन आहेत."

"मग सगळी एकदम आणायची ना, काका. एका भांड्यासाठी भट्टी पेटवायला लावलीत."