औषधाच्या झाकणाएवढा प्याला

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभूभोजन असतं, येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण. आधी भाकर फिरते. भाकर म्हणायचं, असतो तो स्लाइस पावच, कडा काढून बोराएवढे तुकडे केलेला. मग प्याला. तोही म्हणायलाच. भोकाभोकांचा गोल स्टीलचा ट्रे आणि प्रत्येक भोकात एक चिमुकला ग्लास, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढा. ट्रे बाकाच्या एका टोकाने येतो, ज्याने त्याने आपला ग्लास उचलायचा आणि ट्रे शेजारी सरकवायचा.

सव्वा वर्ष मी तो नुसता सरकवला.

दोन्ही हातांनी धरायचा, क्षणभर मान खाली घालायची आणि पुढे. बघणाऱ्याला वाटावं, बाई प्रार्थनेत आहे.

सासूबाई शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होत्या. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं मी केलं. त्यात खोट नाही. पण मनातून केलं नाही. हे संपणार कधी, असं किती वेळा मनात आलं याची मोजदाद नाही. रात्री नऊचं औषध माझ्याकडे असायचं. एकदा त्यांचा हात थरथरला आणि भरलेलं झाकण उशीवर सांडलं. मी बाटली अशी आदळली की शेजारचा पाण्याचा तांब्या हलला. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, गेलं तेवढं पोटात." पोटात काहीच गेलं नव्हतं. सगळं अभ्र्यावर होतं, मला दिसत होतं आणि त्यांनाही कळत होतं. मी दिवा मालवला.

दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी भरल्या मंडळीत माझं नाव घेतलं. म्हणाले, "रूथसारखी सून." सासूला, नामीला, सोडून न जाणारी ती बायबलमधली मवाबी रूथ! नंतर बायका येऊन हात दाबून गेल्या. माणसाला शिव्या बसल्या तर तो उलट भांडू तरी शकतो. न केलेल्या पुण्याची शाबासकी मिळाली तर तोंड कुठे लपवायचं? तेव्हापासून ट्रेमधला प्रत्येक ग्लास मला ते झाकणच दिसायचा. आणि रात्री नऊला, घरात औषध घेणारं कोणी नसताना, नजर घड्याळाकडे जायचीच.

त्यात प्रभूभोजनाआधी बायबलमधला, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतात. जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल, हा प्याला पिईल, तो दोषी ठरेल. 'अयोग्य' हा शब्द आला की माझे कान तिथेच बंद व्हायचे.

मग महिला मंडळाच्या पाळीत रस करायचं आणि प्याले धुवायचं काम माझ्याकडे आलं. नाही कसं म्हणणार? रूथ ना मी!

आमच्याकडे रस घरी करतात. काळ्या मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून मलमलीतून गाळायच्या. बिनदारूचा हा रस जगभर पोचवण्यात थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचा मोठा हात. दारूबंदीचा कट्टर माणूस, प्रभूभोजनात वाइन त्याला खपेना. त्याने 1869 मध्ये द्राक्षाचा रस बाटलीत तापवून आंबायचा थांबवला. हे वेगवेगळे छोटे ग्लासही अमेरिकेतलेच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावले तर रोग पसरेल, ही भीती. म्हणजे एकाला वाइनची धास्ती, दुसऱ्यांना जंतूंची. माझी भीती त्या मानाने साधीच म्हणायची.

धुण्याच्या कामाला माझ्या जोडीला एक मावशी होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत. या ग्लासांत बोट जात नाही. तळाशी जांभळा थेंब वाळून बसतो. करंगळीला फडकं गुंडाळून गोल फिरवायचं, गरम पाण्यातून काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. मावशींनी एक ग्लास उजेडाला धरला आणि त्यातूनच माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू घेत नाहीस. मी मागच्याच बाकावर असते."

मी सांगून टाकलं. उशी, अभ्रा, तांब्या, सगळं. वाटलं, आता त्यांच्या हातातला ग्लास तरी पडेल. त्यांनी तो पुसून ट्रेमध्ये उपडा ठेवला.

"मनातून कोणाला होतं गं? आमचे हे सात वर्षं पडून होते. मी रोज देवाला विचारायची, तुझा विचार तरी काय आहे, एकदा कळू दे." पुढचा ग्लास घेतला. "आणि ते वचन नीट वाच. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं, असं लिहिलंय. आत्मपरीक्षा करून घरी जावं, असं कुठे लिहिलंय?"

घरी येऊन अध्याय पुन्हा काढला. खरंच की. पौलाचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. करिंथात जेवायला बसले की काही जण आपलं आधी उरकून घेत. एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन झिंगलेला असे. ही त्याची 'अयोग्य प्रकारे'. ते क्रियाविशेषण आहे. मी ते इतके दिवस विशेषण समजून स्वतःला लावून घेतलं होतं. शाळेत बाईंनी व्याकरण शिकवलं ते फुकट गेलं.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा बावीसावा अध्याय उघडला. त्या पहिल्या रात्री भाकर मोडून झाली, प्याला देऊन झाला, आणि लगेच शिष्यांचं भांडण सुरू: आपल्यात मोठा कोण? प्रभूच्या मेजावरच! पेत्र छाती ठोकून म्हणाला, तुझ्याबरोबर मरायलाही तयार आहे. कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारून मोकळा. त्या मेजाला लायक माणसंच हवी असती तर येशूला एकट्यानेच जेवावं लागलं असतं. योहान आपल्या शुभवर्तमानात त्याच रात्रीचं सांगतो, की पेत्र येशूकडून पाय धुवून घ्यायलाही तयार नव्हता. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला. मला ती नम्रता वाटायची. आता शंका येते, तोही ट्रे सरकवण्याचाच प्रकार असावा. आणि अशाच माणसांना पुढे येशू म्हणतो, मी आपली शांती तुम्हांला देतो. जग देतं तशी नाही. जगाने मला दिली होती ती शाबासकी, आणि तिने माझी झोप घालवली होती.

दुसऱ्या रविवारी मावशी भेटल्या तेव्हा म्हटलं, "सव्वा वर्ष वाया गेलं हो." त्या म्हणाल्या, "कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. त्या बाईला पाच वर्षं लागली. तुझं लवकर झालं." आम्हां नगरच्या लोकांकडे टिळक नवराबायकोचा दाखला सगळ्याला चालतो.

पुढच्या महिन्यात ट्रे आला. उचलताना हात थरथरला आणि थोडा रस साडीवर सांडला. मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला, तो खोकला नव्हता. उरलेला मी प्यायले. रस जरा पांचट झाला होता, मनुका मूठभर कमी पडल्या होत्या.

त्या रात्री ओटा आवरला, दूध विरजलं, नणंदेचा फोन आला तो लांबला. घड्याळाकडे नजर गेली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.