दोन माणसांचा रणगाडा

मंदारचा मेसेज काल रात्री आला. "भारीच निर्दय झालास रे." पुढे हसरा चेहरा. एवढंच. लागण्यासारखं त्यात काही नाही, उलट कौतुकच होतं. तरी तो शब्द डोक्यातून जाईना.

आमचा फोनवरचा युद्धाचा गेम. प्रोखोरोव्का, १२ जुलै १९४३, दुसऱ्या महायुद्धातली रशियातली रणगाड्यांची लढाई. तो जर्मन, मी रशियन. २५२.२ नावाच्या टेकडीवर त्याचं टायगर या जड रणगाड्यांचं युनिट ठाण मांडून बसलेलं. माझ्याकडे टी-३४ रणगाडे चिकार, पण टायगरचं समोरचं शंभर मिलिमीटर चिलखत त्यांना लांबून फुटत नाही, आणि त्याची ८८ मिलिमीटरची तोफ लांबूनच त्यांची वाट लावते. म्हणजे जवळ जाऊन भिडायचं, कुशीत मारायचं. अडचण मधल्या मोकळ्या षटकोनांची, म्हणजे नकाशावरच्या घरांची. आमच्या गेममध्ये टायगर समोरच्याच्या टर्नमध्ये आपणहून एकदाच गोळी झाडतो, जो पहिला टप्प्यात येईल त्याच्यावर. तेव्हा कुणीतरी पहिलं जायचं.

मी टी-७० पाठवला.

युनिटखालचा ताकदीचा १० चा आकडा हलला आणि ३ झाला. लाल अक्षरात. मग तिन्ही बाजूंनी टी-३४ आत घुसले, टायगर संपला, टेकडी माझी. चाल बरोबर होती. आजही तीच खेळेन.

टी-७० म्हणजे हलका रणगाडा, ४५ मिलिमीटरची तोफ, आत दोनच माणसं. एक चालवणार. दुसरा कमांडर, आणि तोफ त्यानेच भरायची, नेम त्यानेच धरायचा, झाडायची त्यानेच, बाहेर काय चाललंय तेही त्यानेच बघायचं. हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच तो निवडला. सगळ्यात स्वस्त.

पडद्यावरच्या चित्राची दया आली असं म्हणणं ढोंग होईल. दया नाही आली. खटकतंय ते हे, की वेळच लागला नाही. टर्नवर चालणारा गेम, घड्याळ नाही, मंदार दिवसभर उत्तराला थांबायला तयार. प्सेल नदीच्या काठाला कुठलं युनिट ठेवायचं यावर मी कितीतरी वेळ घोळ घालत बसलो होतो. तीनदा ठेवलं, तीनदा उचललं. टी-७० ला मात्र एक क्लिक. विचार केला आणि मग पाठवला असं झालंच नाही, हात आधी गेला.

खऱ्या लढाईतल्या सोव्हिएत सेनापती रोटमिस्त्रोवला निदान घाई होती. त्याची ५ वी गार्ड्स टँक आर्मी तीनशेहून जास्त किलोमीटर चालून आलेली, आणि आल्या आल्या हल्ला. टायगरला जवळून भिडा, त्यासाठी अंतर झटपट कापा, हाच हिशोब. त्या भरधाव वेगात टेकडी ओलांडून खाली उतरताना त्याचे रणगाडे आपल्याच लोकांनी आधी खणलेल्या रणगाडाविरोधी खंदकात कोसळले. त्या दिवशी सोव्हिएत रणगाडे जर्मनांच्या कितीतरी पट गेले. तिथे घाईला कारण होतं. मला कसलं कारण?

परवाच्या मीटिंगला त्या नव्या मुलाला पुढे केलं, ते वेगळं. तो स्वतःच म्हणाला होता, मी बोलतो म्हणून. जाऊ दे.

हे सांगायचं तरी कुणाला? नीता म्हणणार, गेम काढून टाक फोनवरून. बाबांना सांगावं तर त्यांचं वेगळंच पुराण सुरू होईल. रात्री दोनला जागं राहून एका शब्दावर कुढत बसणारा माणूस निर्दय कसा, हा मुद्दा मंदारला ऐकवावासा वाटला. टाइप केला आणि खोडला. तो एवढा हसला असता की बस.

आणि आज सकाळी गंमतच झाली. टर्न उघडला तर टी-७० च्या बाजूला बदली सैनिकांचं बटण. पॉइंट खर्च केले, ३ चे परत १० झाले. नाव तेच, झेंडा तोच, फक्त अनुभवाचा एक तारा गेला, कारण भरती झालेले नवशिके. मी त्या ताऱ्यासाठी हळहळलो! माणसांसाठी नाही, ताऱ्यासाठी. पुढच्या हल्ल्यात नेम कमी लागणार म्हणून. इथे मात्र मलाच हसू फुटलं. कालपासून एवढा जीव काढतोय आणि मूळ स्वभाव हा!

मंदारला कळवलं, "निर्दय नाही, काटकसरी." त्याने अंगठा टाकला. मेला चार शब्द जास्त लिहील तर शपथ.

टेकडीखाली आता तो खंदक, आणि पलीकडे त्याच्या टँकविरोधी तोफा. परत कुणीतरी पहिलं जायचं. टी-७० ला मागे ठेवलाय, जरा विश्रांती. डावीकडचं टी-३४ चं युनिट ४ वर आलंय, नाहीतरी भरायला महागच पडेल. ते जाईल.