अठराची गाडी, सोळाचा पाय

कोल्हापूरच्या पंपावर नोझल खटकन थांबलं तेव्हा आकडा होता १३.९ लिटर. मी मोबाइलवर भागाकार करायला घेतला, तेवढ्यात पंपावरचा पोरगा म्हणाला, "सर, राउंड फिगर करू?" नको म्हणेपर्यंत त्यानं दोनदा नोझल दाबून पंधराशे केलेसुद्धा. १४.४ लिटर. पुण्यात टाकी ऑटोकटपर्यंत भरून, ट्रिप मीटर शून्य करून, २३२ किलोमीटर जपून आणलेला माझा प्रयोग पोरानं पाच सेकंदांत निकालात काढला. आधीच्या हिशेबानं ॲव्हरेज लिटरला १६.७ किलोमीटर, नंतरच्या हिशेबानं १६.१. गाडीचा पडदा मात्र निवांतपणे १८.३ दाखवत होता.

गाडी दीड लिटर टर्बो पेट्रोल सेडान, दीडशे हॉर्सपॉवरची. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिचे भक्त फार हळवे असतात. पायावर जोर नसला की तिच्या चार सिलिंडरपैकी दोन झोपी जातात आणि पडद्यावर तशी खूण येते. ती खूण बघायची मला चटकच लागली होती. साताऱ्यानंतर डोंगर कुठल्या बाजूला होते, विचारू नका.

एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणारी पुण्यातली संस्था. तिच्या चाचणीतला या गाडीचा आकडा साडेअठराच्या आसपास. मी कोथरूडचा, एआरएआयच्या टेकडीवर रोज फिरायला जातो, त्यामुळे त्या आकड्यावर माझा घरच्यासारखा विश्वास. पण ती चाचणी होते रोलरवर. वीसेक मिनिटांची, एसी बंद, वेग जास्तीत जास्त ९०. आमच्या गाडीत एसी २२ वर, डिकीत चार बॅगा, आणि मी ११५-१२० ने. ८० चा वेग १२० झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, हे मला कॉलेजात शिकवलंय. कराडच्या पुढे मात्र आठवत नाही.

सासरे दारातच उभे होते. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती पडलं?"

"साडेसोळा, मामा. खंबाटकी चढावी लागते ना जाताना. शिवाय रुंदीकरणाचे डायव्हर्शन."

"हां," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे हिशेब केपीटीएलचा, म्हणजे दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर. कमी पडलं की साहेब बोलावून विचारायचे. तिथं खंबाटकीचं कारण चालत नसे.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला निघालो. मलकापूरच्या अलीकडे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. मी ब्रेक, मग जोरात पिकअप, टर्बो भरली, ओव्हरटेक. छाती फुगली. पुढे दुसरी ट्रॉली. पुन्हा तेच. तिसऱ्या ट्रॉलीला मामा म्हणाले, "पाव्हणं, जरा बाजूला घ्या. मी चालवतो."

घ्यायला नको होती बाजूला. कारण पुढचा तास मी शेजारी बसून माझीच गाडी दुसऱ्याच्या पायाखाली सुखानं नांदताना बघितली. ट्रॉली लांब दिसली की त्यांचा पाय तिथंच वर. गाडी आपोआप मंदावायची, जागा मिळेपर्यंत मागे रेंगाळायची आणि मग हळूच पुढे. ब्रेकचा दिवा क्वचितच लागत असेल. "ब्रेक मारला म्हंजे मघाशी जाळल्यालं तेल पाण्यात," ते म्हणाले. दोन सिलिंडरची खूण इतका वेळ टिकलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांना ती कशाची हे ठाऊकही नव्हतं.

आंबा घाट उतरताना मला वाटलं, आता जुने ड्रायव्हर न्यूट्रल मारणार. तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे पोरकट माणसाकडे बघावं तसं बघितलं. "घाटात न्यूट्रल? पोरीला विधवा करायची हाय का?" मागे बायको झोपली होती म्हणून बरं. शिवाय मी हरलो तो तांत्रिकदृष्ट्याही. आजच्या गाडीत गिअर टाकून पाय काढला की इंजिनला पेट्रोल जातच नाही, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

रत्नागिरीत १३१ किलोमीटरला ६.२ लिटर. २१.१. मी लगेच म्हणालो, "उतारच होता, मामा." आणि सहा लिटरच्या हिशेबात अर्धा लिटर इकडचा तिकडे झाला तर आठ टक्क्यांचा फरक पडतो, हेही ऐकवलं. ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'पेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

गणपतीपुळ्यात दोन दिवस गर्दी आणि मोदक.

परतीला रत्नागिरीत टाकी पुन्हा भरून घेतली. चावी मामांच्याच हातात. समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर यायचं, त्यामुळे मी मनातल्या मनात चौदावर पैज लावून बसलो होतो. कोल्हापुरात पोराला आधीच बजावलं, राउंड फिगर नाही. ७.२ लिटर. १८.२. चढाला, माझ्या सपाटीपेक्षा दीडनं जास्त. मामांनी आकडा विचारला नाही. चावी हातात दिली, "सावकाश जावा."

सावकाश गेलो नाही. किणी टोल ओलांडला आणि स्पोर्ट मोड टाकला. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं कराडपर्यंत बाहेर काढलं. इंजिन गात होतं, दोन सिलिंडरची खूण एकदाही दिसली नाही, आणि खरं सांगतो, सगळ्या प्रवासात मला मजा आली ती तेवढीच. पुण्यात टाकी भरली: ॲव्हरेज १३.८.

रात्री फोन आला. "पोचला न्हवं? किती पडलं?"

"सतरा," मी ठोकून दिलं.

तिकडे क्षणभर शांतता.

"येताना तर बोगदा लागतो. खंबाटकी न्हाई. तरीबी सतराच?"