चोर सोडून संन्याशाला फाशी

मिनोल्टाची जुनी एमडी ७०-२१० एफ ४ ही फिल्म कॅमेऱ्याची झूम लेन्स (७० ते २१० मिमी) घेतली ती एका हौसेपायी. एकच जाडजूड रिंग: फिरवली की फोकस, मागे-पुढे सरकवली की झूम. घेताना मागून टॉर्च मारून बुरशी पाहिली, अॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या झरोक्याच्या पात्यांना तेल लागलंय का तेही पाहिलं. सगळं स्वच्छ. ती माझ्या सोनी कॅमेऱ्याच्या ई माउंटवर (माउंट म्हणजे लेन्स बसते ते कडं) बसावी म्हणून मध्ये लावायचा बिनकाचेचा साधा अडॅप्टर मागवला आणि स्वतःवर जाम खूश झालो.

पहिल्या दिवशी शटरच पडेना. जुन्या लेन्सला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी समोर लेन्सच नसते. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू केलं की प्रश्न मिटतो.

खरं दुखणं पुढे होतं. अशा झूमवर २१० ला फोकस साधायचा, मग ७० वर येऊन फोटो काढायचा, फोकस जागचा हलत नाही, ही जुनी रीत. माझा हलत होता. २१० वर लख्ख, ७० वर मऊ. तिथेच रिंग केसभर फिरवली की पुन्हा लख्ख! म्हणजे काच चांगली होती, पण झूम करताना फोकस पळत होता.

मी तडक निष्कर्ष काढला: कुणीतरी ही लेन्स उघडून चुकीची जोडलीय. विकणाऱ्याला तिखट मेसेज पाठवला. दुरुस्तीवाल्याकडे लेन्स दिली. त्याने ‘यात काही नाही’ म्हणून परत केली. पुन्हा दिली. पुन्हा तेच. या फेऱ्यांत पाच आठवडे गेले, आणि एवढ्या काळात अडॅप्टरवर संशय घ्यावा असं एकदाही वाटलं नाही, कारण त्याच अडॅप्टरवर माझी झूम नसलेली ५० एमएम लेन्स लोण्यासारखी चालत होती.

घोळ तिथेच होता. मिनोल्टाच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४३.५ मिमी, सोनी ई चं १८. वजाबाकी २५.५, म्हणजे अडॅप्टरची जाडी तेवढीच हवी. शेवटी वैतागून व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, लावला. चार ठिकाणी मोजलं: २५.३८.

हे चुकून झालेलं नसतं. अडॅप्टर जरा जाड झाला तर लेन्स अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूवर, फोकसच होत नाही आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. म्हणून बरेच जण तो मुद्दामच थोडा पातळ ठेवतात. ५० एमएमसारख्या बिनझूमच्या, म्हणजे प्राइम लेन्सला फरक पडत नाही. रिंग अनंताच्या थोडी अलीकडे थांबवली की झालं. झूमचं गणित मात्र त्या नेमक्या अंतरावर बांधलेलं असतं. २१० वर रिंगने जी चूक भरून निघते, ती ७० वर जेमतेम नवव्या हिश्शाने निघते. उरलेली फोटोत दिसते.

झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, आणि अडॅप्टर कमी पडत होता जवळपास तेवढाच. अडॅप्टरचे चार स्क्रू काढले, पुढच्या कड्याखाली बसेल अशी कागदाची चकती नखं कापायच्या कात्रीने कापली, स्क्रूंसाठी सुईने भोकं पाडली, पुन्हा आवळलं. २१० वर फोकस, ७० वर झूम, स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. लख्ख. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कागद दबतो, म्हणून नंतर पितळी पत्र्याची चकती घातली.

व्हर्नियर नसला तरी चालेल. खूप दूरची वस्तू आधी २१० वर, मग ७० वर, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करा आणि रिंगवरची खूण बघा. ७० ला ती अनंताच्या बरीच अलीकडे थांबली, तर आधी अडॅप्टर धरा. फोकस अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, चित्र मोठं करूनच करा. फोकस झालेल्या कडा कॅमेरा स्क्रीनवर रंगवून दाखवतो, त्या नुसत्या फोकस पीकिंगवर विसंबलो म्हणून माझे पहिले दोन दिवस फुकट गेले.

अरे हो, कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सेन्सर हलवून भरून काढणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा ७० ते २१० मधला आकडा, हाताने भरावी लागते आणि झूम केलं की बदलावीही लागते. २१० भरून ७० वर काढलात तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो, आणि हात स्थिर असूनही फोटो हललेला येतो. शिवाय लेन्स खाली धरली की झूम आपोआप घसरतं. त्यावर मी रुंद रबरबँड चढवलाय.

विकणाऱ्याची माफी मागितली. दुरुस्तीवाल्याला ती कागदी चकती दाखवली, तर तो म्हणाला, “मी दोनदा सांगितलं होतं.” अडॅप्टरवाल्यांना चारही मोजमापं फोटोसकट पाठवली. अकरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: “अनंतावर फोकस होतो ना?”