तक्रार अर्जातला शेवटचा परिच्छेद

काय घडलं, कोणी केलं, ते इथे लिहीत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीचं कॉलेजच्या अंतर्गत समितीपुढचं कामकाज गुप्त ठेवायचं असं कायदाच सांगतो, आणि मलाही ते बरं वाटतं. कॉलेज नवी मुंबईतलं, मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज जाणारी, आणि तक्रार माझ्याच प्रोजेक्ट गाइडविरुद्ध. एवढं पुरे.

धास्ती होती ती मार्कांची. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात! ऑफिसात सांगितलं गेलं, "आधी एचओडींना भेट, आपसात मिटतंय का बघ." घरी आईने यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, याबद्दलचे २०१५चे विनियम मोबाइलवर वाचायला घेतले. ती पतपेढीत नोकरीला आहे, नियम दिसले की तिला हुरूप येतो. त्यात स्पष्टच होतं: समेट हवा असेल तर तो तक्रार करणारीने मागायचा, आणि विभागप्रमुखांना, म्हणजे एचओडींना, अंतर्गत समितीचं सदस्यच होता येत नाही. मग त्यांना भेटून मी काय करणार होते?

आईने बोट ठेवलं ते पुढच्या एका कलमावर. चौकशी चालू असताना, ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारदाराची परीक्षा घेण्यापासून, काम तपासण्यापासून कॉलेजला रोखता येतं. हे आपोआप होईल या भरवशावर आम्ही राहिलो नाही. अर्जाचा शेवटचा परिच्छेद त्याच मागणीचा केला. वर तारखा, ठिकाणं, कोणी पाहिलं ते, आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यावा लागतो. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते.

क्लार्क म्हणाले, "ठेवून जा, मॅडमना देतो." मी शिक्का आणि तारखेसह पोच मिळेपर्यंत खिडकीशी उभी राहिले. मागे बोनाफाइडवाल्यांची रांग वाढत होती, लोक वैतागत होते. वैतागू देत.

समितीच्या अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या. बाहेरच्या संस्थेतल्या एक बाई होत्या, विद्यार्थी प्रतिनिधीही होते. वकील दोन्ही बाजूंना आणता येत नाही, याचा मला धीरच वाटला. चौकशीला ९० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात आमची सबमिशन आणि व्हायवा दोन्ही येऊन गेलं, म्हणून तो परिच्छेद इतका मोलाचा. लेखी आदेश निघाला आणि माझा प्रोजेक्ट दुसऱ्या मॅडमकडे गेला. त्यांनी दोन चॅप्टर सरळ परत लिहायला लावले.